काडी मोडली, पण सातबाऱ्याचे काय?

गेल्या बाजाराच्या दिवशी एक कुणब्याची लेक आमच्या कचेरीत आली. पदराच्या गाठीत बांधून आणलेला कागद तिने सोडला व आमच्यापुढे ठेवला. स्टँपाचा कागद, त्यावर टाईप केलेल्या दहा-बारा ओळी, खाली नवऱ्याची सही, तिची अडखळत केलेली सही, चार पंचांच्या सह्या आणि नोटरीचा तांबडा शिक्का. मजकूर एवढाच की, उभयतांचे पटत नसल्यामुळे राजीखुशीने फारकत झाली आहे, बाईने पंचवीस हजार रुपये रोख घेतले आहेत, आणि यापुढे नवऱ्यावर, त्याच्या घरादारावर व जमिनीवर तिचा कसलाही हक्क उरलेला नाही. चौदा वर्षे ह्या बाईने त्या रानात खुरपे चालविले, गुरांची वैरण केली, दोन लेकरांस जन्म दिला. तिचा आम्हांस प्रश्न एकच होता. "दादा, हे पक्कं हाय का?"

पक्के नाही, असे आम्ही तिला सांगितले. आणि ज्या अर्थी असले कागद गावोगाव लिहिले जात आहेत, त्या अर्थी तिला जे सांगितले तेच आमच्या सर्व वाचकांस सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. तेव्हापासून हिंदू नवराबायकोचे लग्न मोडण्याचा अधिकार कोर्टास आहे. नोटरीस नाही, सरपंचास नाही, भावकीतल्या शहाण्यास नाही. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की सही करणारा माणूस समोर होता. लग्न मोडले असे तो शिक्का कधीच सांगत नाही. ह्या नियमास एक अपवाद कायद्यातच ठेवलेला आहे. ज्या जातीत फारकतीची जुनी, सतत चालत आलेली रूढी आहे, तिथे ती कलम २९ प्रमाणे आजही ग्राह्य धरली जाते. पण रूढी आहे असे जो म्हणेल, त्याने ती पुराव्याने शाबीत केली पाहिजे. "आमच्यात असंच चालतं" एवढ्याने न्यायाधीशाचे समाधान होत नाही, आणि व्हावे तरी का? ज्या पंचांनी सकाळी सह्या ठोकल्या, ते कोर्टाचे समन्स आले की शेतावर जातात. (भिल्ल, ठाकर, वारली इत्यादी अनुसूचित जमातींस हा विवाह कायदाच लागू नाही. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची रूढी चालते.) जातपंचायतीने दंड घेऊन वा वाळीत टाकण्याचा धाक दाखवून फारकत लादली, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा होतो, हेही पंचमंडळींनी ध्यानात धरावे.

येथे कोणी आम्हांस म्हणेल की, काडीमोड ही तर आपल्या बहुजनांची चांगली चाल. भटशाहीच्या शास्त्रात बाईला मरेपर्यंत सुटका नव्हती, आणि आपल्या घरांत पंचांपुढे काडी मोडून ती मोकळी होत असे, पाट लावून दुसरा संसार थाटीत असे. हे खरे आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. माळ्याकुणब्यांच्या व कारूनारूंच्या घरांत जी माणुसकी होती, तिला इंग्रजी कोर्टांनी शास्त्री-पंडितांच्या चष्म्यातून पाहिले. १८७६ साली मुंबईच्या हायकोर्टाने ठरविले की, नवऱ्याच्या संमतीवाचून बाईस दुसऱ्या लग्नाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही. पुढे दहाच वर्षांत रखमाबाईचा खटला गाजला. ती सुताराची मुलगी. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास तिने नकार दिला, तेव्हा १८८७ साली तिला फर्माविण्यात आले की, नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तो लढा मिटला. तीच रखमाबाई पुढे डॉक्टरीण झाली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ साली स्त्रियांच्या छळास आळा घालणारा कायदा केला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली घटस्फोटाचा केला, मुंबई इलाख्याने १९४७ साली. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जी झुंज दिली व १९५१ साली मंत्रिपद सोडले, ती हकीकत आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

तेव्हा काडीमोडीचा आम्हांस तिटकारा नाही. तिटकारा आहे तो काडीमोडीच्या नावाखाली चालणाऱ्या लबाडीचा. पूर्वी काडी मोडली की बाई मोकळी होई. आज कागद लिहिला की नवरा मोकळा होतो आणि बाई अडकते. ती कशी ते पाहा. असल्या कागदावर विसंबून बाईने दुसरे लग्न केले, तर पहिले लग्न कायद्याने उभेच असल्यामुळे दुसरे लग्न मुळातच रद्दबातल. उद्या दुसऱ्या नवऱ्याने घराबाहेर काढले, तर तो बेलाशक म्हणतो, "ही माझी बायकोच नव्हे." १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पहिली बायको हयात असता जिच्याशी लग्न लावले, ती फौजदारी कायद्याच्या पोटगीपुरती बायको होत नाही. पुढे कोर्ट थोडे मऊ झाले. पहिले लग्न लपवून ज्याने बाईस फसविले, त्यास त्या लबाडीचा फायदा मिळू द्यावयाचा नाही, असे २०१३ साली ठरले. लग्न रद्दबातल ठरले तरी विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते, असे २०२५ साली ठरले. परंतु त्यासाठी बाईने किती कोर्टांच्या पायऱ्या झिजवाव्या?

उलट बाजूही आहे, आणि ती नवऱ्याने नीट ऐकावी. आमच्याकडे आलेल्या त्या बाईचे लग्न कोर्टाने मोडलेले नाही, त्यामुळे ती आजही त्या माणसाची धर्माची व कायद्याची बायको आहे. उद्या त्याचे काही बरेवाईट झाले आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसले, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे त्याची विधवा म्हणून पहिल्या वर्गाची वारस तीच, लेकरांच्या बरोबरीने. पंचवीस हजारांत जो तिला पुसून टाकू पाहत होता, त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव चढेल. मात्र कोर्टाचा खरा घटस्फोट झाला की हा वारसा संपतो. म्हणून ज्या बाईला "कोर्टात चल, राजीखुशीने सही कर" असे सांगण्यात येते, तिने ह्या सहीने आपण काय सोडतो आहोत हे आधी विचारावे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बायाबापड्या आम्हांस विचारतात, "फारकत झाली तर जमिनीत माझा निम्मा हिस्सा ना?" आणि पुरुष धास्तावून विचारतात, "बायको निम्मी जमीन घेऊन जाईल का हो?" दोघांसही उत्तर एकच. नाही. हिंदू कायद्यात घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या मिळकतीची निम्मेनिम वाटणी करावी असे कोठेही लिहिलेले नाही. जमीन ज्याच्या नावाची त्याची. चौदा वर्षांची खुरपणी, शेणघाण, पाणी भरणे, इचलकरंजीच्या मागावर नवऱ्यासाठी भरलेल्या कांड्या, कुंभाराच्या घरी तुडविलेला चिखल, ह्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पीकपाहणीत ज्वारी लिहितात, ज्वारी कापणारीचे नाव लिहीत नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीत तर गंमत अशी की, नवरा व मुलगे ह्यांच्यात वाटणी झाली तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण ती स्वतः होऊन वाटणी मागू शकत नाही. ताट वाढले तर जेवायचे, वाढा म्हणायचे नाही!

हे सगळीकडेच असे आहे काय? लांब विलायतेस जावयास नको. सावंतवाडी-दोडामार्गाकडून पेडण्याची किंवा डिचोलीची हद्द ओलांडा. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेतून आलेला कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर तेथे नवराबायकोची मिळकत दोघांची सामाईक समजतात व प्रत्येकाचा निम्मा भाग धरतात. बायकोच्या सहीवाचून नवऱ्यास घर विकता येत नाही, आणि ताटातूट झाली तर वाटणी निम्मीनिम होते. तीच देवळे, तोच भात, तीच मराठी-कोकणी बोलणारी माणसे. अलीकडच्या शेतकऱ्याची बायको रिकाम्या हाताने निघते आणि पलीकडचीला अर्धे मिळते. गोव्यातला शेतकरी ह्या कायद्याने बुडाला असे आमच्या ऐकिवात नाही. आपल्या पार्लमेंटातही २०१३ साली राज्यसभेने एक बिल पास केले होते, ज्यात घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या मिळकतीत बायकोस हिस्सा देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते अडले, आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली तशी बिलाची तिरडीही उठली. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी मते मागितली, त्यांना आमच्यापैकी कितीजणांनी त्या बिलाचे काय झाले म्हणून विचारले?

हिस्सा नाही, म्हणजे काहीच नाही असे मात्र नव्हे. बाईच्या हातात आज काय आहे ते आता सांगतो.

पहिले स्त्रीधन. माहेरचे, सासरचे, आत्या-मामांचे, लग्नात वा पुढे जे तिला दिले, ते डोरले, पाटल्या, एकदाणी, भांडीकुंडी, तिच्या नावची शिलाईची मशीन, सारे तिचे एकटीचे. सासूच्या पेटीत ठेवले म्हणून ते सासूचे होत नाही. ते अडवून धरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच ठरविले आहे. पेरणीच्या तोंडावर दागिने सोसायटीत वा बँकेत गहाण पडतात, हे आम्हांस ठाऊक आहे. कोणत्या घरी पडत नाहीत? अडीअडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरले तरी ते परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे २०२४ साली पुन्हा एकदा सांगण्यात आले. अडचण असते ती पुराव्याची. सोनाराची पावती, लग्नातले फोटो, गहाणाची पावती ह्या तीन गोष्टी माहेरी जपून ठेवाव्या.

दुसरी पोटगी. विवाह कायद्याची कलमे २४ व २५ आहेत, आणि फौजदारी कायद्याचे जुने कलम १२५ आहे, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. घटस्फोट झालेली बाईसुद्धा, पुन्हा लग्न करीपर्यंत, ह्या कलमाखाली मागू शकते. मोमीन, पिंजारी, तांबोळी वगैरे मुसलमान घरांतल्या बायांसही हा मार्ग मोकळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली तसे स्पष्ट केले, आणि एका दमात तीन वेळा तलाक म्हणणे तर २०१९ पासून गुन्हाच आहे. पोटगी किती, ह्याचे ठरावीक माप नाही. दोघांची मिळकत, लेकरे, राहणी पाहून कोर्ट ठरविते.

शेतकऱ्याच्या बाबतीत इथेच फसगत होते. कोर्टात उभा राहिला की प्रत्येक शेतकरी कंगाल असतो. "पाऊस पडला नाही साहेब." अहो, पाऊस नाही पडला, पण कारखान्याचे ऊसबिल बँकेत जमा झाले ना? म्हणून बाईने सातबारा, आठ-अ, पीकपाहणी, ऊसबिलाची चिठ्ठी, दूध संस्थेच्या खात्याचा उतारा ह्यांच्या नकला काढाव्या. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपापल्या मिळकतीचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे. त्याच निकालात शेतीवर जगणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुनाही जोडून दिला आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असेही त्यात आहे. तेव्हा वकिलास स्पष्ट विचारावे की, तो नमुना भरून घेतला काय?

आणि जमीन भावाच्या नावे करून हात झटकणारे महाभाग असतातच. कलम २५ खाली कोर्ट पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावरावर ठेवू शकते. सोसायटीच्या कर्जाचा बोजा जसा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बसतो, तसाच हाही बसतो. सावकाराच्या पैशाला बोजा चढतो, मग बायकोच्या भाकरीला का चढू नये? असा बोजा मागावयाचे पुष्कळ वकिलांस सुचत नाही, म्हणून बाईनेच सुचवावे. (पोटगीच्या कलमांत नवऱ्यासही मागण्याचा हक्क आहे, पण तो प्रसंग आमच्या वाचकांच्या घरी विरळा.)

घराविषयी थोडे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, ज्या घरात ती संसार करीत आली तेथून तिला रीतसर कारवाईवाचून बाहेर काढता येत नाही, मग ते घर सासऱ्याच्या नावचे असो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

कर्जाचे काय, असाही प्रश्न येतो. नवऱ्याच्या कर्जावर बायकोची सही नसेल तर ते तिच्या बोकांडी बसत नाही. मात्र बचत गटातून तिच्या नावे काढलेले पैसे नवऱ्याच्या मोटरसायकलीस किंवा बोअरला गेले असतील, तर फारकतीनंतरही गट तिच्याकडेच मागणार. फारकतीच्या वाटाघाटीत ह्या रकमेचा उच्चार होत नाही आणि हप्ते फेडण्यासाठी बाई दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

लेकरांचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क आईबापांच्या घटस्फोटाने तिळमात्र कमी होत नाही. मुलींचाही नाही. महाराष्ट्राने १९९४ साली व साऱ्या देशाने २००५ साली मुलीला जन्मतः मुलाइतकी हिस्सेदार केले आहे. म्हणून "आईने पैसे घेतले, आता पोरांनी जमिनीकडे पाहू नये" असे वाक्य कोणत्याही कागदात दिसले, तर त्यावर सही करू नये. परस्पर संमतीचा घटस्फोट वाईट नाही. तो सुबक मार्ग आहे. वर्षभर वेगळे राहून दोघांनी मिळून अर्ज करावयाचा, आणि पुढची सहा महिन्यांची मुदत कोर्ट योग्य प्रकरणी माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले आहे. पण त्या अर्जात रक्कम, ती मिळण्याची तारीख, स्त्रीधनाची यादी, लेकरांचा खर्च हे सारे लिहिल्याशिवाय राजीखुशी कसली?

पुरुष वाचकांशी आता दोन शब्द बोलतो, कारण सातबारा त्यांच्या हाती आहे. १९८६ साली चांदवडास शेतकरी बायांचे प्रचंड अधिवेशन भरले होते, आणि पुढे शरद जोशी ह्यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावेच्या गावे पुढे आली व शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावे तुकडा करून दिला. त्या गावांतले संसार त्यामुळे मोडले नाहीत. आज तर शेतजमीन वा राहते घर बायकोस बक्षीसपत्राने द्यावयाचे म्हटले, तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक अवघा २०० रुपयांचा आहे. वर नोंदणीचा व स्थानिक कराचा खर्च येतो तेवढा. मात्र तलाठ्याला सांगून इतर हक्कांत नाव चढविले म्हणजे मालकी दिली असे कोणी समजू नये. नोंदणी केलेल्या दस्ताने मालकी मिळते, नुसत्या फेरफाराने नव्हे. घरपट्टीच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावणे तर ग्रामपंचायतीत होते. मुलीचे लग्न ठरविताना आपण जावयाची जमीन किती एकर ते विचारतो. त्यातली गुंठाभर तरी लेकीच्या नावे होईल काय, हे विचारण्याची लाज का वाटावी?

त्या बाईस आम्ही तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे धाडले. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तिला ठाऊक नव्हते. फारकतीचा कागद फाडू नकोस, पुरावा म्हणून जपून ठेव, असे आम्ही बजावले. पंचवीस हजारांपैकी नऊ हजार तिने लेकरांच्या शाळेला व औषधाला खर्चले होते. उरलेले तिने विचारले तसे आम्ही तिच्याच नावे पोस्टात ठेवण्यास सांगितले. जाताना तिने विचारले की, पोरे कोणाकडे राहतील? तो विषय मोठा असून येथे जागा उरली नाही. पुढील अंकी त्याविषयी लिहू.